आकडा उतरेना

६ फेब्रुवारी

मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानाला फ्रेमा बनवणाऱ्या एका कंपनीने ही डायरी फुकट दिली होती. शेठनी ती माझ्याकडे सरकवली. महिनाभर कोरीच पडून होती. आज कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि बोलावं असा घरात एकच माणूस आहे. झालंय त्यालाच.

सकाळी अण्णांचे मोजे धुवायला घेतले. उजव्या मोज्याचा तळ पुठ्ठ्यासारखा कडक. नाकाजवळ नेला. कुजका वास.

"अण्णा, पाय दाखवा."

"पाय काय दाखवा? मी काय नवरी आहे?"

मी खाली बसून जबरदस्तीने पाय मांडीवर घेतला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, नाण्याएवढं भोक. आत पिवळं. मला दरदरून घाम फुटला, आणि हे महाशय वर बसून शांतपणे सुईत दोरा ओवतायत! जखमेच्या कडेला बोट दाबलं. त्यांना पत्ताच नाही. मग चप्पल उलटी केली. तळातून एक टाचणी आरपार वर आली होती. शिंप्याच्या घरात टाचण्या असायच्याच. पण तिच्यावर पाय ठेवून हा माणूस किती दिवस मशीनचं पायडल हाणत होता, ते देव जाणे. साखरेने त्यांचे पाय कधीच बधिर झालेत.

"दुखलं नाही तुम्हाला?"

"दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

साफ खोटं. दुखलं असतं तरी सांगितलं नसतं. मुलगा गेला तेव्हाही त्यांनी कुणाला काही दुखल्याचं सांगितलं नाही. गिऱ्हाइकाचा कोट शिवून वेळेवर दिला.

९ फेब्रुवारी

मोठ्या दवाखान्यात मधुमेही पायांचा वेगळा विभाग आहे, तिथे गेलो. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "पेशंटचे कोण?"

"सून."

"मुलाला घेऊन या. सही लागेल."

"मुलगा नाही."

त्याला वर बघायचीही फुरसत नव्हती. "मग घरचं कोण आहे?"

अण्णांनी काठी आपटली. "जे काही आहे ते ही आहे. हिची सही घ्या नाहीतर माझा अंगठा घ्या, अजून शाबूत आहे." मागची रांग हसली. मला हसू आलं नाही. माझा नवरा गेला त्याला चार वर्षं होत आली, तरी 'मुलगा नाही' हे म्हणताना माझा आवाज अजून पडतो.

पायाचे डॉक्टर तरुण आहेत, बोलतात हळू. त्यांनी एक बोथट, बारीक सळई जखमेत सरकवली. आत कुठेतरी टक् झालं. मला ते ऐकू आलं असं वाटलं. "हाडाला लागली," ते म्हणाले. "म्हणजे जंतू हाडात शिरलेच असं नाही, पण संशय घ्यायला जागा आहे. रक्त बघू."

रक्ताच्या तपासण्या त्यांनी मला नीट समजावल्या. ईएसआर म्हणजे रक्त एका उभ्या नळीत ठेवायचं आणि लाल पेशी तासाभरात किती खाली बसतात ते मोजायचं. शरीरात कुठे आग पेटलेली असेल तर त्या झपाट्याने बसतात. दुसरी सीआरपी. सूज आली की यकृत हे प्रथिन रक्तात सोडतं, सूज गेली की ते लगेच कमी होतं. "सीआरपी धावत येते आणि धावत जाते. ईएसआर म्हाताऱ्यासारखा, सावकाश चढतो, सावकाश उतरतो."

"मग तो माझा," अण्णा म्हणाले.

दुपारी रिपोर्ट आले. सीआरपी ९४. ईएसआर ११८. पायाला अशी जखम आणि ईएसआर सत्तरच्या वर, तर हाडच धरून चालायचं, असं डॉक्टर म्हणाले. रक्तही कमी आहे. ते इतक्या दिवसांच्या जखमेनं असेल.

अण्णा एकदम म्हणाले, "काढून टाका हो पाय. लाकडाचा बसवू. हिच्या मागची कटकट जाईल."

मी डॉक्टरांना म्हटलं, "ह्यांचं ऐकू नका. पाय वाचवायचा."

१४ फेब्रुवारी

हाडाचा कण काढून तपासला. जंतू निघाले. दोन आठवडे शिरेतून औषध, मग गोळ्या, मिळून सहा आठवडे. पायावर वजन पडू नये म्हणून गुडघ्यापर्यंत एक अवजड बूट घातलाय. मशीन बंद. खुर्चीत बसून हाताने करता येईल तेवढंच काम.

दवाखान्यातून एक सिस्टर रोज घरी येऊन औषध देणार आणि ड्रेसिंग करणार. वयाने माझ्याएवढीच, तोंडाने दुप्पट. तिने मला ड्रेसिंग शिकवलं. पहिल्यांदा मी चिमटा धरून जखमेपासून लांबच थांबले, तर अण्णाच म्हणाले, "अगं, भोकाला घाबरतेस? काज कर समज."

शेजारची बाई भेटायला आली आणि जाताना दारात कुजबुजली, की या घराला एकेक लागतंच आहे. मी समजायचं ते समजले. हा गेला तेव्हाही माझ्या पायगुणावर बोलणारे कमी नव्हते. अण्णांचे कान तिखट. आतून ओरडले, "पायगुण बघायचा तर माझा बघा म्हणावं! टाचणी माझ्या पायाला लागली, हिच्या नाही."

२५ फेब्रुवारी

सीआरपी १४! चौऱ्याण्णववरून चौदा! मी दवाखान्याच्या जिन्यातच सिस्टरला मिठी मारली. ईएसआर मात्र ११५. डॉक्टर म्हणाले, त्याला वेळ लागतोच.

आज एक गंमत. गिऱ्हाईक म्हणून एक मास्तर आले. मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे. कंबरेत सैल करायला पँट घेऊन आले होते. उंच, किडकिडीत, ती पँट सैल करून ते तिच्यात राहणार कसे, देवच जाणे. अण्णांनी त्यांना बसवून घेतलं, चहा काय, गप्पा काय! घरी कोण असतं, बायको कशाने गेली, स्वयंपाक येतो का. मी म्हटलं, अण्णा, पँट शिवताय की जबानी घेताय?

४ मार्च

मास्तर पुन्हा आले. तीच पँट, आता घट्ट करायला. मी आत जाऊन पोट धरून हसले. बिचाऱ्याला आपल्या कंबरेचा अंदाजच नाही. आम्हाला दवाखान्यात त्यांनीच सोडलं, त्यांच्या शिकाऊ गाडीतून. टपावर 'शिकाऊ' लिहिलेलं आणि आत दोन्ही बाजूंना ब्रेक. अण्णांनी मला हट्टाने पुढे बसवलं. पाय पसरायला मागची सीट हवी म्हणे.

अण्णा सारखं पाणी मागतात. साखर तर आता आटोक्यात आहे. औषधं उष्ण पडत असतील. त्यांच्याच दोन पँटी कंबरेत आत घेतल्या. खाणं कमी झालंय ना.

एक गोष्ट इथे लिहून टाकते, बोलण्याजोगी नाही. जखम भरतेय याचा मला आनंद होतो, आणि लगेच भीतीही वाटते. अण्णा ठणठणीत झाले की मी या घरात कोण? आता कुणी विचारलं, इथे का राहतेस, तर सांगता येतं, सासऱ्यांचा पाय. उद्या काय सांगू? की त्याच्या शर्टांचं कपाट इथे आहे म्हणून? सकाळी अण्णा खाकरतात तेव्हा क्षणभर तोच खाकरल्यासारखा वाटतो म्हणून?

१५ मार्च

जखम मसुराएवढी राहिली. सिस्टर म्हणते, इतकी सुंदर भरणारी जखम तिने क्वचित पाहिली. माझ्या ड्रेसिंगला शंभरपैकी शंभर.

अण्णांची पाठ धरलीय. दिवसभर खुर्चीत बसून दुसरं काय होणार. काल इस्त्री उचलताना बरगडीत कळ आली. मी मलम चोळून दिलं. "तू आता मालिशवाली पण हो," म्हणाले. मग म्हणाले, "मास्तर माणूस बरा आहे, नाही?"

"बरा आहे. पण त्याला म्हणावं आता दुसरी पँट आण. त्या एकीचे टाके उसवून उसवून कापड गेलं."

का कोण जाणे, अण्णा माझ्याकडे बघून हसले आणि डोळे पुसले.

२९ मार्च

गोळ्या संपल्या. जखम टाचणीच्या डोक्याएवढी. सीआरपी ५, म्हणजे जवळजवळ निरोगी माणसासारखी.

ईएसआर १२१.

मी म्हटलं, चुकून दुसऱ्याचं रक्त मोजलं असेल. पुन्हा काढलं. १२३. डॉक्टर बराच वेळ दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत बसले. मधुमेहात किडनी थोडी कमजोर असते, रक्त कमी असतं, त्यानेही हा आकडा वर राहतो, असं म्हणाले. पण त्यांचं स्वतःचंच समाधान झालेलं दिसलं नाही. पायाचा एमआरआय करायचा ठरला.

घरी आल्यावर मी अण्णांवर चिडले. लपूनछपून गोड खाता का? चालता का बुटाशिवाय? ते म्हणाले, "पोरी, आकडा माझ्या हातात असता तर तुला केव्हाच उतरवून दिला असता."

मला लाज वाटली. तरी दिवसभर धड बोलले नाही.

७ एप्रिल

एमआरआयच्या फोटोत हाडात बदल दिसतात. भरून येतानाचे की अजून दडलेल्या जंतूंचे, सांगता येत नाही. हाडाचा नवा कण स्वच्छ निघाला, पण सुई नेमकी चांगल्या जागी लागली असेल, असंही होतं. डॉक्टर म्हणाले, "रक्त इतकं ओरडत असताना मी गप्प बसू शकत नाही. अंगठा काढू. पाऊल वाचेल."

अण्णा लगेच, "काढा."

मला रडूच फुटलं. दोन महिने त्या अंगठ्याला मी पोटच्या पोरासारखं जपलं. रोज धुतला, पुसला, गुंडाळला. आता भरत आल्यावर काढायचा? एका आकड्यासाठी?

अण्णा म्हणाले, "अगं, अंगठाच जातोय. मी तरी द्रोणाचार्यांना पायाचा देतोय, हाताचा राहिला की. शिवता येईल."

मी सही केली.

११ एप्रिल

आज ऑपरेशन होणार होतं. झालं नाही.

आधी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई तपासायला आल्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला. माझं लक्ष सवयीने तिकडेच, की फ्रेमचे स्क्रू आवळायला हवेत. हिमोग्लोबिन सातवर आलेलं पाहून त्या थांबल्या. किडनीचे आकडे पाहिले. मग खुर्ची ओढून अण्णांसमोर बसल्या.

"पाठ दुखते का हो?"

"वयाची दुखते."

"कधीपासून?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "थंडीच्या आधीपासून."

मला वाटत होतं, बसून बसून. थंडीच्या आधी तर टाचणीही लागली नव्हती. रोज मशीनवर होते. मला एका शब्दाने सांगितलं नाही.

बाईंनी त्यांना कुशीवर वळवलं आणि पाठीच्या मणक्यांवर एकेक करून बोटाने दाबत गेल्या. मधल्या एका मणक्यावर अण्णा ओरडले. हाडाला सळई लागली तरी ज्या माणसाने ओठ हलवला नाही, तो ओरडला. हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.

बाई म्हणाल्या, "अंगठा राहू दे आज. आणखी काही रक्तं पाठवते."

१७ एप्रिल

हाडांच्या आतल्या मगजाचा कॅन्सर.

रक्तात एक नको ते प्रथिन मगज बेसुमार बनवत होता. त्याने लाल पेशी एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. म्हणून ईएसआर. किडन्या त्यानेच बिघडल्या. पाणी पाणी करत होते तेही, हाडं विरघळून रक्तात कॅल्शियम वाढलं म्हणून. सगळं डोळ्यांसमोर होतं. मी पाणी आणून देत होते. मी मलम चोळत होते. मी पँटी आत घेत होते.

यावर औषध आहे, पण किडन्या फार थकल्यात. प्रयत्न करू, म्हणाले. 'प्रयत्न करू' म्हणजे काय ते मला कळतं. चार वर्षांपूर्वी ह्याच्या वेळीही तेच दोन शब्द होते.

अण्णांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे अंगठा नाही ना काढत?"

"नाही."

"बघ, तुझं खरं झालं."

१९ एप्रिल

पायाचे डॉक्टर वॉर्डात येऊन खाटेजवळ उभे राहिले. त्यांचं इथे काही काम नव्हतं. बुटाचा पट्टा उगाच सैल करून पुन्हा लावला. बाहेर मला म्हणाले, "सुरुवातीला आकडा पायाचाच होता, हाडात जंतू खरंच होते. पण त्यामागे दुसरंही काही असेल, हे मी आधी बघायला हवं होतं. मी पायाचा डॉक्टर. मला पायच दिसला."

मला रागवायचं होतं. दोन दिवस वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांचा चेहरा बघितला आणि एकही आठवलं नाही. आणि मला तरी दुसरं काय दिसलं होतं?

विचारलं एवढंच, "दोन महिने आधी कळलं असतं तर?"

"थोडा जास्त वेळ मिळाला असता. किती, ते खरंच सांगू शकत नाही."

थोडा जास्त वेळ. हे शब्द मी दिवसभर बरोबर घेऊन फिरतेय.

२६ एप्रिल

आज आमचं भांडण झालं. आजारी माणसाशी भांडले, वॉर्डात, सगळ्यांसमोर.

मास्तर भेटायला आले होते. ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "मी त्याच्याशी बोललोय. तुझ्याविषयी. तो तयार आहे. तू हो म्हण, म्हणजे मी सुटलो."

मला आधी कळेच ना. मग सगळं एकदम उलगडलं. ती पँट. पुढची सीट. स्वयंपाक येतो का. मी एकटीच हसत होते. बाकी दोघांना माहीत होतं कशासाठी काय चाललंय.

"तुम्ही मला खपवताय?"

"पोरी..."

"पोरी म्हणू नका! पोरीला न विचारता कुणी तिचं ठरवतं का? तुमचा पाय मी धुतला, रोज धुतला, तो काय तुम्ही मला दारापर्यंत पोचवावं म्हणून?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस कुशीवर वळला. अण्णांचा आवाज इतका बारीक झालाय की वाकावं लागलं.

"तू माझ्या पायात अडकलीस," ते म्हणाले. "माझा पोरगा गेला त्या दिवशी तू मोकळी व्हायला हवी होतीस. मी तुला जा म्हटलं नाही. मला एकट्याला जेववत नव्हतं म्हणून. स्वार्थी आहे मी. म्हणून पाय काढा म्हणत होतो पहिल्या दिवसापासून. वाटलं, एकदाचं तुटलं की तूही सुटशील."

"मला सुटायचं नव्हतं!"

"मला माहीत आहे. तेच तर भीतीचं आहे."

मी उठून व्हरांड्यात आले. बराच वेळ परत गेले नाही. ते मला सोडवू बघत होते आणि मी त्यांना धरून बसले होते, आणि दोघंही एकमेकांना सांगत होतो की पायाचं चाललंय.

२७ एप्रिल

सकाळी गेले, पाव आणि अंडं घेऊन. ते खाऊ शकले नाहीत. मी खाल्लं, त्यांच्यासमोर बसून. ते बघत होते.

"हो म्हणणार नाही," मी म्हटलं.

"बरं."

"नाहीही म्हणणार नाही. आत्ता काहीच म्हणणार नाही."

"बरं बाई," ते म्हणाले. "गिऱ्हाईक थांबायला तयार असेल तर शिंप्याने घाई करू नये."

मग दोघंही हसलो. त्यांना हसताना बरगडी दुखली आणि मी पटकन हात ठेवला. पहिल्यांदाच त्यांनी सांगितलं, "इथे दुखतंय. हो, इथेच."

५ मे

औषध लागू पडत नाही. आता फक्त दुखू नये यासाठी देतात. बराच वेळ झोपेत असतात. मधेच मला मुलाच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली. एका हाकेला दोघांची ओ, काय बिघडतं.

आज सिस्टर मुद्दाम भेटायला आली. सवयीने पाय उघडला. जखम नाही. टाचणीच्या डोक्याएवढीही नाही. नवी गुलाबी कातडी, लहान मुलाच्या तळव्यासारखी. ती आनंदाने "अगं, बघ!" म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं. आम्ही दोघी एकेका हातात तो पाय धरून तशाच उभ्या राहिलो.

१४ मे

अण्णांना जाग आली तेव्हा म्हणाले, "तुझ्या निळ्या ड्रेसची बाही मी एक बोट आखूड शिवली होती. तू कधी बोलली नाहीस."

"मला आवडते तशीच."

"खोटं."

"हो. खोटं."

"दुखलं, खुपलं की सांगावं गं माणसाने," म्हणाले. हे मला कोण सांगतंय! मी त्यांना तसं बोलून दाखवणार होते. पण ते झोपले होते.

१९ मे

अण्णा गेले. सकाळी, मी केस विंचरून देत असताना. कंगवा थांबवायचंही मला सुचलं नाही, भांग पूर्ण पाडला.

वॉर्डातल्या मावशींनी चादर डोक्यावरून ओढली तर पावलं उघडी पडली. चादर आखूड होती. दोन्ही पावलं शेजारी शेजारी, दहाची दहा बोटं. ओळखीचा नसलेला माणूस बघेल तर त्याला कुठला पाय आजारी होता ते सांगता येणार नाही. आम्ही जिंकलो होतो, अण्णा. मी ती पावलं दोन्ही हातांनी धरली आणि मग मला कुणी तिथून उठवलं ते आठवत नाही.

२ जून

मास्तरांनी दवाखान्यातलं सामान घरी आणून दिलं. दारातच उभे राहिले. "मी काही विचारायला आलो नाही," म्हणाले. मी म्हटलं, "माहीत आहे." त्यांना पाणी दिलं. ते प्यायले आणि गेले. चांगला माणूस आहे, अण्णांचं माप सहसा चुकत नाही. पण मला सध्या माणूस नकोय. मला एक विशिष्ट माणूस हवाय, खुर्चीत बसलेला, तोंडात दोरा धरून पुटपुटणारा.

घरात मी एकटी आहे, आणि मला जा म्हणायलाही आता कुणी नाही.

९ जून

पायाच्या विभागातून फोन आला. आज तपासणीची तारीख होती, पेशंट आले नाहीत. अण्णा गेले ते दुसऱ्या वॉर्डात. इकडच्या टेबलावर कळवायचं राहिलं असावं. फोनवर सांगता आलं असतं. पण तोंडातून निघेना, "येते" म्हणून बसले. दुकानातून अर्धा दिवस मागून गेले.

कारकुनाला सांगितलं. त्याने या वेळी मात्र वर बघितलं. "बसा जरा," म्हणाला. म्हणून बाकावर बसले, नेहमीच्याच.

शेजारी एक नवरा-बायको. त्याच्या पायाला पांढरी पट्टी, तिच्या हातात रिपोर्ट. बोट एका ओळीवर ठेवून ती परत परत तेच वाचत होती. न वाकताही मला दिसलं. ईएसआर १०२.

"तुमच्याकडे कुणाचा पाय?" तिने विचारलं.

"सासऱ्यांचा."

"वाचला का हो?"

"वाचला. अख्खा."

तिचा चेहरा असा उजळला की पुढचं मला बोलवेना. "आणि हा आकडा? उतरला?"

बाकावर आम्ही तिघंच. मी हो म्हणून उठून जाऊ शकले असते.

"आमचा नाही उतरला," मी म्हटलं. "तुमचा उतरेल. बहुतेकांचा उतरतो. पण डॉक्टरांना पायाचंच सांगू नका. अंगात आणखी कुठे काही दुखतं, खुपतं, सगळं सांगा."

ती नवऱ्याकडे वळली. "अहो, आणखी कुठे दुखतं का तुम्हाला?"

"छे. काही नाही दुखत."

"खोटं बोलू नका!"

हे मी बोलले. परक्या माणसाला, भर दवाखान्यात, घरात बोलत असे त्याच आवाजात. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचं मला भान नव्हतं. तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने बायकोकडे पाहिलं, आणि शाळेत उभं केलेल्या मुलासारखा हात हळूच खांद्यामागे नेला.

"इथे," तो म्हणाला. "थोडं दुखतं. बरेच दिवस."